बर्गरच्या खोक्यातला चिवडा

आमच्या घरात पहिला बर्गर आला तेव्हा अण्णांनी त्याचा पंचनामा केला.

अण्णा म्हणजे माझे वडील. हैदराबादेत रस्त्यावरचा प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येकाला अन्ना, म्हणजे तेलुगूत दादा, म्हणतो, त्यामुळे दिलसुखनगरच्या बाजारात मी अण्णांना हाक मारली की भाजीवाले, रिक्षावाले आणि कोचिंग क्लासची पोरं मागे वळून बघायची. स्वतः अण्णा तेवढे वळायचे नाहीत. ते सिकंदराबादच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. आंब्याच्या पेट्या, काचसामान, शिलाई मशिनी, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट, असं सगळं त्यांच्या हातून देशभर गेलेलं. बांधाबांध या विषयावर घरात दुसऱ्या कोणाला मत असण्याची परवानगी नव्हती.

कोपऱ्यावर चकाचक नवं दुकान उघडलं होतं, तिथून मी ऑफिसातून येताना बर्गर आणला. अण्णांनी टेबलावर एकेक वस्तू काढून ओळीने मांडली. आधी जाड कागदी पिशवी. पिशवीत पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात मेणकागद. शिवाय सॉसच्या इवल्या प्लास्टिकच्या डब्या, मिठाची पुडी, मिऱ्याची पुडी, हात पुसायचे कागद, झाकणवाला प्लास्टिकचा पेला आणि कागदाच्या म्यानात घातलेली नळी. सगळ्यात शेवटी मेणकागदातून तो बर्गर निघाला, उकडलेल्या बटाट्याएवढा.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," आई म्हणाली.

"मसाला असता तर चाललं असतं," अण्णा म्हणाले. "हे नुसतं बारदान हाये. एवढं तर आम्ही पोपटालाबी केलं नव्हतं."

मग त्यांनी बर्गर खाल्ला. दुर्दैवाने तो त्यांना फार आवडला. आवडला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि आमच्या गॅलरीत उजेड येत राहिला असता.

राज्य दोन व्हायची ती वर्षं. दर दोन दिवसांनी बंद, मधल्या दिवशी मोर्चा. गाड्यांच्या नंबरपाट्यांवरची अक्षरं बदलायची म्हणत होते, कचेऱ्यांतली कपाटं कुणाच्या वाट्याला यावर भांडणं होती, आणि इराणी हॉटेलात चहा पिताना अनोळखी माणूसही विचारायचा, तुम्ही इकडचे की तिकडचे? अण्णा सांगायचे, "आम्ही तिसरेच." आमचे लोक मराठवाड्यातले. अण्णा लहान असताना जुनं हैदराबाद राज्य भाषेवरून फुटलं, मराठवाडा तिकडे मराठी मुलखात गेला आणि आजोबा-आजी जामबागेतल्या भाड्याच्या खोलीत इकडेच राहिले. त्यामुळे राज्य फुटण्याचं अण्णांना विशेष अप्रूप नव्हतं. त्या वर्षांत त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांना बर्गर आपल्या डब्यात हवा होता.

डबा म्हणजे पितळी कडीचा, जाड स्टीलचा, गोल. पूर्वी भांडी घेतली की दुकानदार त्यावर ठोकून नाव घालून द्यायचा. या डब्यावर आजीचं नाव होतं. पार्सल ऑफिसात अण्णांनी जन्मभर त्यातूनच जेवण नेलं. तो घेऊन ते एका दुपारी दुकानात गेले. मी सोबत होते, म्हणजे लांब उभी राहून, हा आपला बाप नव्हेच असा चेहरा करून होते.

काउंटरवर मॅनेजर स्वतः होता. तिशीतला तेलुगू माणूस, गळ्यात टाय, डोक्यावर टोपी, हातांत प्लास्टिकचे मोजे.

"इसमें डाल दो, बाबू," अण्णा म्हणाले. "खोका नक्को, थैली नक्को."

"सर, बाहर का डब्बा नहीं लेते. हायजीन का रूल है."

अण्णांनी डबा पुढे सरकवला. मॅनेजरने दोन्ही हात झटकन मागे घेतले. "हात नहीं लगाते सर. नीचे रखो, नीचे."

अण्णांनी डबा उचलला आणि घरी आले. वाटेत मीच बडबडत होते, की अण्णा, ते मोजे असतात ना, नियम असतात, त्याला काय कळतंय. खरंच त्याला काय कळणार होतं? पण माझं मलाच ते बोलणं पोकळ वाटत होतं, कारण त्याने हात मागे घेतला तेव्हा अण्णांचा चेहरा मी पाहिला होता.

आमचं घराणं बौद्ध. आजोबांच्या काळी गावात आमची वस्ती वेशीबाहेर होती. ताक मागायला गेलं की आपलं गाडगं खाली ठेवायचं, लांब सरकायचं, मग त्या घरचे वरून ओतायचे. अण्णा सुट्टीत गावी जायचे तेव्हा स्टँडवरच्या हॉटेलात सगळे पितळीत चहा प्यायचे आणि आजी नि अण्णा करवंटीत. पिऊन झालं की करवंटी फेकून द्यायची. हे अण्णांनी आम्हाला कधी रडक्या सुरात सांगितलं नाही, गाडी उशिरा आली असं सांगावं तसं सांगितलं.

गावात आमच्या घरी कोणी वाटीभर काही पाठवायचं नाही, म्हणून परत करायला भांडंही नसायचं. जामबागेत राहायला आल्यावर शेजारच्या एका मराठी बाईंनी वाटीतून खीर पाठवली. खीर संपली, वाटी घासून झाली, आणि आजी ती मांडीवर घेऊन बसून राहिली, कारण भांडं रिकामं परत करायचं नसतं एवढं तिने ऐकलं होतं आणि घरात द्यायला काही नव्हतं. शेवटी तिने त्यात मूठभर शेंगदाणे भाजून घातले. त्या दिवसापासून आमच्या घराला तो कायदा लागू झाला. आमच्या घरातून कुठलंही भांडं रिकामं बाहेर पडत नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी पडते. एकदा आईने प्लंबरचा पाना परत करताना सोबत केळं दिलं होतं.

"अण्णा, पण इथं तर सगळ्यांनाच फेकायच्या खोक्यात देतात," त्या रात्री जेवताना मी म्हटलं. "समताच झाली की एक प्रकारची."

"समता आली म्हणून सगळ्यांना करवंटी कामून?" अण्णा म्हणाले. "सगळ्यांना पितळी द्या की."



दुसऱ्या दिवशी अण्णांनी समिती काढली. समितीत अण्णा, आई आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. काकूंचं घराणं परभणीकडचं शेतकरी, आता धान्याचं दुकान, आणि काकूंना कुठल्याही समितीत असल्याशिवाय अन्न जात नाही. बिल्डिंगमधले काही रिटायर लोक सकाळी चालायला जाण्याऐवजी आमच्याकडे यायला लागले. समितीच्या नावावरच आठवडा गेला. शेवटी नाव इतकं लांब झालं की घेता घेता अण्णांना दम लागायचा, म्हणून सगळे नुसतं 'डबा समिती' म्हणू लागले.

बेत साधा होता. दुकानाबाहेर लोक जी खोकी, पेले, डब्या टाकतात ती गोळा करायची आणि एका रविवारी वाजतगाजत दुकानाला परत करायची. तुमचा माल तुम्हाला. काकूंनी घोषणा रचली, "डब्बा तुमारा, कचरा तुमारा, लेलो वापस सारे का सारा!" यमक जुळलं म्हणून त्या दिवसभर खूश होत्या.

आमची गॅलरी भरत गेली. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्यांची पाहुणेमंडळी. आईने एक दिवस पदर खोचला.

"असली खरकटी भांडी परत करायची का कुणाला? लोक काय म्हणतील?"

"अगं, ती भांडी न्हाईत. तो कचरा हाये. तोच तर मुद्दा हाये."

"मुद्दा असू द्या. घासूनच जाईल."

आईने पुठ्ठ्याची खोकी घासायला घेतली आणि त्यांचा लगदा झाला. मग तिने पुठ्ठ्याची नुसती पुसली आणि प्लास्टिकच्या डब्या, पेले साबणाने घासून दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. आमच्या गॅलरीतून पेल्यांची माळ लोंबू लागली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी वर येऊन विचारलं, तुमच्याकडे केटरिंगची ऑर्डर घेतात का? अण्णा चिडले. आईने मात्र किती माणसांची आहे ते विचारून घेतलं.

रविवार आला. समितीची माणसं, चालायला जाणारे रिटायर लोक, त्यांच्या बायका आणि दोन कुत्री असा मोर्चा निघाला. पुढे अण्णा, काखेत आजीचा डबा. मागे काकूंनी मराठीत रंगवलेला फलक, कारण रंगवायला बसल्यावर काकूंना दुसरी लिपी येत नाही असं लक्षात आलं. दिलसुखनगरात तो वाचू शकणारे सगळे लोक मोर्च्यातच होते. खोकी आई आणि काकूंनी पोत्यांत भरली होती. पोती मला जरा जड वाटली, पण आंदोलनात पहिल्यांदाच भाग घेत असल्यामुळे मला वाटलं कचरा असाच जड असत असेल.

आता त्या दिवसांत हैदराबादेत फलक घेऊन, घोषणा देत, दुकानाच्या दिशेने येणाऱ्या गर्दीचा अर्थ एकच होता, की दुकान बंद करा आणि किनाऱ्याकडचे असाल तर परत जा. मॅनेजर होता किनाऱ्याकडचा, विजयवाड्याच्या बाजूचा. त्याने आम्हाला काचेतून पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता आतून शटर ओढलं. आतली गिऱ्हाइकं आतच राहिली.

अण्णांनी शटरवर डब्याने ठोकलं. "खोलो, बाबू!"

आतून आवाज आला, "सर, बंद का कॉल नहीं था आज! मेरेकू मालूम नहीं था सर!"

"बंद नहीं है! डिब्बे वापस करने आए!"

"मेरा बच्चा इधरीच पैदा हुआ सर! हैदराबादीच है वो!"

हे वाक्य ऐकून काकूंनी फलक खाली घेतला. गंमत म्हणून निघालेली माणसं आम्ही, आणि आत एक जण खरोखर घाबरलेला. मला लाज वाटली. अण्णा शटरला तोंड लावून अगदी हळू म्हणाले, "बाबू, हम किसी को भगाने नहीं आए. हम खुद बाहर के हैं. थोडा उठाओ, सामान अंदर सरकाते."

शटर हातभर वर झालं. आम्ही खाली बसून एकेक खोकं आत सरकवू लागलो. काकू प्रत्येक खोक्यागणिक घोषणा देत होत्या, पण आता आवाज जरा खाली आणून.  मग आतून कुरुमकुरुम असा आवाज यायला लागला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईने काकूंकडे पाहिलं. काकूंनी फलकाआड तोंड लपवलं.

"काय घातलं त्याच्यात?" अण्णा म्हणाले.

"थोडा चुरमुऱ्यांचा चिवडा," आई म्हणाली. "मोठ्या खोक्यांत. लहानांत शेंगदाण्याचे लाडू. सॉसच्या डब्यांत लिंबाचं लोणचं."

"अन् पेल्यांत?"

"पेल्यांत काय घालणार? साखर घातली नुसती."

"हा निषेध होता!"

"निषेध करा की. तुम्हाला कोण नको म्हणतंय? पण रिकामी भांडी मी घराबाहेर काढणार नाही. तुमच्याच आईचा नियम आहे."

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. करतात काय, कायदा त्यांच्याच घराण्याचा. शटर पूर्ण वर गेलं. आत अडकलेली कोचिंगची पोरं बर्गर बाजूला ठेवून चिवड्यावर तुटून पडली होती, आणि मॅनेजर लाडू खात बाहेर आला. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे पहिलं वाक्य कळलं नाही. दुसरं कळलं. तो आईला विचारत होता की हे दर रविवारी असतं का.

सगळी मंडळी आत शिरली. चालायला जाणाऱ्यांपैकी दोघांनी बर्गर मागवले, ते अर्थात खोक्यांतून आले. आंदोलनाची अशी वाट लागलेली मी पुन्हा पाहिली नाही. अण्णा तेवढे काउंटरपाशी उभे राहिले आणि डबा पुढे ठेवला.

"अब तो इसमें डालोगे?"

मॅनेजरचा चेहरा पडला. "सर, कॅमेरा लगेला है ऊपर. नोकरी जाती मेरी."

अण्णांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक है. डब्बा इधरीच रहता. जब भरना होगा, भरो." आणि डबा काउंटरवर सोडून चालते झाले.

तेव्हापासून डबा दुकानात. मॅनेजरने तो पाठीमागच्या फळीवर, महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्याच्या फोटोखाली ठेवला. अण्णा रोज संध्याकाळी फिरायला निघाले की काचेबाहेर थांबून बघायचे. आत जायचे नाहीत. मॅनेजर आतून मान हलवायचा, की अजून नाही. अण्णा बाहेरून मान हलवायचे, की असू दे. आई म्हणायची, दर्शनाची वेळ झाली वाटतं. मी म्हणायचे, अण्णा, घेऊन या ना, आजीची एवढी एक वस्तू आहे आपल्याकडे. ते ऐकायचे नाहीत. पण दुकानावरून परतले की ते मुकाट्याने दुसऱ्याच डब्याचं झाकण उघडझाप करत बसायचे, आणि ते बघून मला वाईट वाटायचं.

समिती हळूहळू विरली. काकूंनी दुसरी समिती धरली. आईला त्या केटरिंगवाल्या बाईंची ऑर्डर मात्र मिळाली. शेवटी राज्य दोन झालं, रात्रभर फटाके वाजले, सकाळी आम्ही त्याच घरात नव्या राज्यात उठलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी संध्याकाळी बेल वाजली. दारात मॅनेजर. टोपी नव्हती, टाय नव्हता, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. हातात आजीचा डबा होता.

"नमस्कारम सर," तो अण्णांना म्हणाला. "कंपनी का ऑफिस भी दो हो गया. मेरेकू विजयवाडा भेज रहे."

अण्णा उठून उभे राहिले.

"बर्गर नहीं डाल सका सर. रूल वहीच है." त्याने डबा वर उचलून दाखवला. "डब्बा घर लेके गया था. मेरी अम्मा बोली, किसी का डब्बा खाली नहीं देते. पुलिहोरा बनाई. लेमन राइस के जैसा, इमली का."

अण्णांनी टेबलाकडे बोट केलं, इथे ठेव म्हणून. सवयीने केलं असेल. पण त्याने तो ठेवला नाही. पुढे येऊन दोन्ही हातांनी अण्णांच्या हातात दिला. मोजे नव्हते. डबा गरम होता, त्यासाठी तरी अण्णांनी तो खाली ठेवायला हवा होता, पण ते किती तरी वेळ तसाच धरून उभे होते. मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडायला येत होतं आणि पाहुण्यांसमोर रडणं आमच्यात बसत नाही.

अण्णांनी त्याला बसवून घेतलं आणि पुलिहोरा त्याच्यासमोर डब्यातूनच खाल्ला. शेवटच्या शितापर्यंत. मग डबा आईकडे दिला.

"घास अन् भर," ते म्हणाले.

"अहो, आपलाच डबा आहे."

"त्यांच्या आईचं अन्न आलं यातून. घरात त्यांचं दुसरं भांडं हाये का परत करायला? मग हाच जाईल. लाडू घाल. प्रवासाला व्हतील."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "अण्णा, त्यावर आजीचं नाव आहे."

"म्हणूनच. नाव घातलेलं पार्सल हरवत नाही."

मॅनेजरला आमचं बोलणं कळलं नाही. भरलेला डबा हातात आल्यावर तो नको नको म्हणाला, मग घेतला, अण्णांच्या पाया पडायला वाकला, अण्णांनी त्याला मधेच धरलं. तो जिना उतरून गेला. आम्ही गॅलरीतून पाहत होतो. आमच्या जामबागेच्या आजीचं नाव स्कूटरच्या पायापाशी ठेवलेल्या पिशवीत बसून दुसऱ्या राज्यात निघालं होतं.

"आता तो कधी यायचा परत?" आई म्हणाली.

"कधी का येईना," अण्णा म्हणाले. "रिकामा न्हाई यायचा."